अंगूरी दुपट्टा आणि गेलेली ट्यूब

तिळाची शपथ, गुळाची शपथ, आणि एवढ्यानं भागत नसेल तर समोर ठेवलेल्या या पाण्यानं भरलेल्या तांब्याची शपथ. पुढं सांगते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या लाडवांचा पाक जन्मात पुन्हा जमू नये. याहून मोठी शपथ माझ्याकडं नाही.

तर गेल्या जानेवारीत लखनौत धुकं पडलं. पडतं दरवर्षीच, पण हे असं पडलं की मानक नगरच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं स्वतःच्याच रिक्षाला हात करून विचारलं, "खाली है क्या?" दूधवाला दारात येऊन आधी "यह किसका घर है?" म्हणून हाक द्यायचा, मगच दूध घालायचा. सूर्य असा की सरकारी नोकर जसा रजा टाकून गावी जातो तसा गेला तो गेलाच. आणि नेमकी त्याच दिवसांत संपदाला आठवीच्या पोरांना सूर्य शिकवायची हौस आली.

संपदा मूळची सोलापूरची. नवरा हृषीकेश, रेल्वेच्या संशोधन केंद्रात इंजिनियर, म्हणून मानक नगरच्या कॉलनीत क्वार्टर. घरात तिसरी सासू, सुहासिनीबाई. दिसायला चांगल्या, स्वभावानं त्याहून चांगल्या. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

लग्नाआधी संपदा गुजरातेत एका प्रयोगशाळेत होती. तिथं काय चालतं ते सुहासिनीबाईंनी मुलगी बघायला गेल्यावरच विचारून घेतलं होतं. संपदानं सांगितलं, वायू तापवत तापवत नेला की त्याच्या अणूंचे तुकडे होतात, विजेचे कण सुटे पळायला लागतात. तसल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज तीच, सूर्य तोच. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे गाभे एकमेकांवर आदळून एक होतात आणि त्यातून ऊन तयार होतं; तेच आपल्याला इथं जमिनीवर करायचंय. सुहासिनीबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं होतं, "आणि मग गॅस सिलिंडर लागणार नाही?" संपदा म्हणाली, "सिलिंडर लागेल, वीज मिळेल." तिथंच पसंती झाली.

पण लग्न झालं, लखनौला आली, ती प्रयोगशाळा राहिली तिकडंच. इथं एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. घर्षण शिकवलं, आम्ल शिकवलं, कांद्याची पेशी दाखवली. प्लाझ्मा हा शब्द काही वर्षांत तिच्या तोंडून निघाला नाही. कुणी विचारलाच नाही. हळूहळू असं झालं की तो शब्द आठवला तरी ती उठून कुठल्यातरी कामाला लागायची, माहेरच्या माणसाचं नाव निघावं तसं.

या वर्षी तिनं धीर केला आणि प्रिन्सिपल निगम मॅडमच्या खोलीत गेली. निगम मॅडम म्हणजे चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यातल्या, जुन्या घरातल्या बाई. आवाज कधी चढायचा नाही, पण त्या खालच्या आवाजातच समोरच्याला घाम फुटायचा. अंगावर कायम चिकनकारीचा, म्हणजे लखनवी भरतकामाचा, कुर्ता आणि त्यावर तो दुपट्टा. अंगूरी रंगाचा. कोवळ्या द्राक्षासारखा, बारीक पांढऱ्या टाक्यांनी भरलेला. कुणी नुसतं बघितलं तरी मॅडम सांगायच्या, "प्योर जॉर्जेट है. रेशम."

संपदा म्हणाली, "मैम, शनिवारचा शेवटचा तास मला द्या. प्लाझ्मा आणि फ्यूजन शिकवीन."

"सिलेबस में है?"

"नहीं मैम."

"एग्ज़ाम में आएगा?"

"नहीं मैम."

"फिर?"

"ये बच्चे जब पैंतीस-चालीस के होंगे, तब आएगा."

निगम मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, ठीक आहे, जानेवारीपुरता घ्या. फेब्रुवारीत नवं टाइमटेबल लागेल आणि मॅथ्सवाले शनिवार मागतच आहेत. मी एकदा येऊन बसेन. बघण्यासारखं असलं तर ठेवू, नाहीतर बच्चे पहाड़े याद कर लेंगे.

झालं. संपदाचा सगळा जीव त्या एका तासात जाऊन बसला. तिला पक्कं ठाऊक होतं, हा तास गेला की पुन्हा मागायला जायची हिंमत आपल्यात राहणार नाही.

तिनं काय ठरवलं होतं ते सांगते. घरात जुनी ट्यूबलाइट असते ना, लांब नळीची, ती गेली तरी आतला वायू जात नाही. काचेला बाहेरून कोरडं कापड जोरात घासलं की अंधारात ती ट्यूब वायरशिवाय, बटणाशिवाय, क्षणभर उजळते. आत झाला तो प्लाझ्मा. दिवाळीत सोलापूरला भाच्यांना तिनं हे करून दाखवलं होतं. शालीनं घासली आणि ट्यूब अशी लखलखली की तिच्या वडिलांनी मेनस्विच बंद आहे का ते दोनदा जाऊन बघितलं.

शनिवार आला. वर्गाला काळे पडदे लावले. निगम मॅडम मागच्या बाकावर, अंगूरी दुपट्टा सावरून. संपदानं तीच शाल आणली होती. घासली. काही नाही. पुन्हा घासली. काही नाही. हात दुखेपर्यंत घासली. अंधारात नुसता खसखस आवाज. मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "मैम, साफ हो गई होगी अब." वर्ग हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण संपदाचे कान तापले.

निगम मॅडम उठल्या, पडदा स्वतः सरकवला आणि म्हणाल्या, "कोई बात नहीं. इतनी देर में लेकिन दो सवाल हो जाते."

घरी आली ती बोलेना. सुहासिनीबाईंनी चहा पुढं ठेवला, विचारलं नाही. न विचारण्याची त्यांची एक पद्धत आहे. शेजारी बसून शेंगा सोलायच्या. एकेक शेंग अशी फोडायची की समोरच्यानं बोलावंच.

"जळली नाही, आई."

"हं."

"सोलापूरला जळली होती."

"हं."

संपदा उठली आणि व्हरांड्यातले कपडे काढायला गेली. हृषीकेशचा पायजमा तीन दिवस दोरीवर होता. हात लावला तर गार, दमट, पिळून काढला तर पाणी निघेल असा. तिथं ती पायजमा धरून उभीच राहिली. मग तिथून हसण्याचा आवाज आला म्हणून सुहासिनीबाई बघायला गेल्या, तर सून एकटीच पायजम्याकडं बघून हसतेय.

"आई, मी गाढव आहे."

"ते आहेसच. पण पायजम्यानं सांगितलं का?"

"आपल्याकडं थंडी म्हणजे कोरडी. ओठ फुटतात, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. मी धरूनच चालले की थंडी आली म्हणजे हवा कोरडी. इथली थंडी ओली आहे. हवेत एवढं पाणी असल्यावर काचेवर वीज साठणार कशी? येईल तशी निसटून जाणार. दरवर्षी पोरांना शिकवते हो मी हे."

सुहासिनीबाई म्हणाल्या, "मग शिकवतेस ते बरोबरच आहे. आपण सोलापूरचे आहोत एवढंच चुकलं." आणि लगेच, "खोली कोरडी केली तर?"

"तर होईल. पण शाळेत कुठून करणार? आणि पुढचा शनिवार..."

पुढचा शनिवार आलाच नाही. डीएम साहेबांचा, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरांचा, आदेश निघाला, कडाक्याच्या थंडीमुळं शाळा बंद. मग तोच आदेश पुढं वाढला. मग आणखी वाढला. पोरं रजयांमध्ये खूश, आणि संपदा कॅलेंडरकडं बघून रोज थोडी थोडी बारीक होत होती. जानेवारी संपत आला होता. तास आपोआपच जाणार होता, कुणी नाही म्हणायचीही गरज नव्हती.

तेव्हा सुहासिनीबाईंनी डोकं चालवलं. रथसप्तमी जवळ आली होती. संक्रांतीपासूनचं हळदीकुंकू रथसप्तमीला संपतं, ते घरचं करायचंच होतं. त्यांनी जाहीर केलं, "या वेळी मोठं करू. निगमबाईंना बोलवू. वर्गातल्या पोरांच्या आयांना बोलवू, पोरांसकट. आणि येताना प्रत्येकीनं घरातली गेलेली ट्यूब आणायची."

हृषीकेशनं लॅपटॉपवरून मान वर केली. "आई, हळदीकुंकवाला ट्यूब मागायची? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील सोलापूरकडची रीत असेल. इथं कोण तपासायला बसलंय?"

आणि खरंच, फोनवर त्यांनी तेच सांगितलं. हिंदी त्यांचं असं की व्याकरण दाराबाहेर चपला काढून बसतं. "निगम मॅडम, मेरे घर हळदीकुंकू है, सूर्य का त्योहार. आपको आनाच पडेगा. और आते वक्त एक फ्यूज ट्यूबलाइट लाने का. हमारे यहाँ वो सूर्य को दिखाते हैं."

पलीकडून निगम मॅडम अदबीनं म्हणाल्या, "अच्छा? महाराष्ट्र में ऐसा होता है?"

"सोलापुर में होता है. पुणेवालों को मालूम नहीं."

लखनौची माणसं तुमच्या रीतीवर हसत नाहीत. आपल्याच घरात ऐन सणाला फ्यूज ट्यूब घेऊन कुणी आलं असतं तर आपण आठवडाभर बोललो असतो. या बायका रथसप्तमीला दुपारी धुक्यातून आल्या, प्रत्येकीच्या हातात तान्हं मूल धरावं तशी ट्यूब. एकीनं तर तिला गोटा-किनारीची फीत बांधून आणली होती. म्हणाल्या, अलमारीमागं वर्षानुवर्षं पडल्या होत्या, कबाड़ीसुद्धा घेत नाही, बरं झालं कुणाच्या देवाला तरी चालतात.

आतली तयारी म्हणाल तर दिवाणखान्याच्या खिडक्यांवर सोलापुरी चादरी ठोकलेल्या. सकाळपासून दोन ब्लोअर चालू. एक घरचा, एक शेजारच्या कर्नलीणबाईंचा. खोलीतली हवा अशी सुकली होती की कोपऱ्यातल्या कुंडीतलं पान कुरकुरीत झालं. जमिनीवर रजया पसरलेल्या, कारण संपदानं बजावलं होतं, ट्यूब फुटता कामा नये, आत पाऱ्याचा अंश असतो. संपदा स्वतः संक्रांतीची काळी साडी नेसून, हातात शाल.

निगम मॅडम आल्या. अंगूरी दुपट्टा. ज़ेहराची अम्मी त्यांच्या मागोमाग आली. ज़ेहरा म्हणजे वर्गातली सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी, आणि तिच्या अम्मीचं चौकात चिकनकारीच्या कपड्यांचं दुकान. दारात मॅडम कुणाला तरी सांगतच होत्या, "प्योर जॉर्जेट है, इसलिए सर्दी में भी..." ज़ेहराच्या अम्मीनं दुपट्ट्याकडं एकदा बघितलं, आणि नजर अशी उचलून घेतली की उचललेली कळू नये.

हळदीकुंकू झालं. अंगणात बोळक्यात दूध ठेवलं होतं, सूर्य होता त्या दिशेला अंदाजानं तोंड करून. ते उतू गेलं तशी सगळ्या बायका "हाय, दूध, दूध!" करत धावल्या. सुहासिनीबाईंनी त्यांना अडवून सांगितलं, "जाने दो, जाने दो. आज सूर्य का पेट भरने देने का." ही रीत मात्र खरी बरं का, हवं तर कुणालाही विचारा.

मग सगळे आत बसले आणि संपदा उभी राहिली. आधी दोन गार तिळाचे लाडू हातात घेतले, एकमेकांवर दाबले. "एक हुए?" पोरं म्हणाली, नहीं. "आणि कढईत, गूळ गरम असताना?" एकीची आई म्हणाली, "तब तो चिपकेंगे ही." संपदा म्हणाली, "हायड्रोजनच्या गाभ्यांचंही तसंच थोडं. थोडंच, कारण तिथं गूळ नाही. ते दोघं एकाच घरातल्या दोन जावांसारखे, एकमेकींना जवळ येऊ देत नाहीत. पण इतके तापवले, इतक्या वेगानं पळवले की ढकलायला वेळच उरला नाही, तर आदळतात आणि एक होतात. सूर्य हेच करतो."

"मैम, इतना गरम रखेंगे किसमें?" ज़ेहरा. "बरतन पिघल नहीं जाएगा?"

संपदाचा चेहरा बघायला हवा होतात. इतकी वर्षं ती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं ताटातलं एक कडबोळं उचललं. "तो वायू भांड्याला टेकूच द्यायचा नाही. चुंबकानं धरायचा. असा, कडबोळ्याच्या आकारात गोल गोल फिरवत ठेवायचा. भिंतीला टेकला की गार पडतो आणि खेळ संपतो. असली यंत्रं आपल्या देशात आहेत. फ्रान्समध्ये एक भलं मोठं उभं राहतंय, त्यातही आपला वाटा आहे."

"तो फिर बिजली कब आएगी उससे?"

"माहीत नाही," संपदा म्हणाली. "अजून कुणाला पुरतं जमलेलं नाही. म्हणून तर तुम्हाला शिकवतेय."

बाकीचं तिनं हिंदीतच सांगितलं, मराठी मी केलं; हे मात्र ती मराठीतच म्हणाली. पण कुणी काय म्हणून विचारलं नाही, सगळ्यांना कळलं.

मग दिवे मालवले. अंधार. डोळे सरावेपर्यंत सगळे गप्प. संपदानं ट्यूब घेतली, शाल घेतली, घासायला लागली. जवळ बसलेल्या पोरांना काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण मागं काहीच दिसेना. दुसरी ट्यूब. एक फिकट झुळूक, गेली. तिसरी. खसखस, खसखस. शाल धुऊन वाळत घातली होती ती याच लखनौच्या हवेत, तिच्या धाग्यांत अजून ओल होती हे नंतर कळलं. त्या क्षणी संपदाला एवढंच कळलं की हेही जातंय. तिचा हात मंदावला.

मागून निगम मॅडमचा तो खालचा आवाज आला. "लाइए बेटा, थक गई होंगी. मैं रख देती हूँ."

बेटा म्हणाल्या त्या, आणि म्हणूनच संपदाला रडू यायच्या बेतात होतं. तिनं एक ट्यूब त्यांच्या हातात दिली. ती नेमकी कुणाच्या तरी अलमारीमागची, धुळीनं भरलेली. निगम मॅडमना धूळ खपत नाही. अंधारात असल्या तरी नाही. त्यांनी दुपट्ट्याचं टोक घेतलं आणि ट्यूब या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा झटक्यात पुसली.

आणि ट्यूब पेटली.

पेटली म्हणजे काय सांगू. दुधासारखा उजेड त्या नळीतून दुपट्ट्याच्या मागं मागं पळत गेला. निगम मॅडमचा चष्मा चमकला, कुणाची नथ चमकली, ज़ेहराचे दात चमकले. मॅडम गोठून उभ्या. मग हळूच, कुणी बघत नाही असं वाटून, त्यांनी पुन्हा एकदा पुसली. पुन्हा उजेड पळाला.

"मैम," ज़ेहरा कुजबुजली, "आपके हाथ में सूरज है."

मग जी धमाल उडाली. प्रत्येकीला आपली ट्यूब त्या दुपट्ट्यानं पुसून हवी. मॅडम एका हातानं दुपट्टा धरून उभ्या आणि पोरं रांगेनं येतायत. इतक्यात एक आई, भली बाई, मनात काही नसताना मोठ्यानं म्हणाली, "लेकिन शाल से नहीं हुआ, मेरे सूती से भी नहीं हुआ, इससे क्यों हुआ? इसमें ऐसा क्या है?"

संपदाला उत्तर माहीत होतं. पॉलिएस्टर. ते ओल धरत नाही, आणि काचेवर घासलं की अशी झकास वीज साठते, आणि हा दुपट्टा रेशमी नव्हता, हे तिला पहिल्याच झोतात कळलं होतं. ज़ेहराच्या अम्मीला तर दारातच कळलं होतं. आणि अंधारातसुद्धा निगम मॅडमचा श्वास थांबलेला ऐकू आला. आता संपदानं खरं सांगितलं तर मॅडमची लाज जाणार, आणि मॅडमबरोबर शनिवार. खोटं सांगितलं तर पोरांसमोर, विज्ञानाच्या तासाला.

तेवढ्यात सुहासिनीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "अगं संपदा, ते पुस्तकात असतं ना, काचेच्या कांडीला रेशीम घासलं की वीज तयार होते? का मी चुकतेय?"

संपदानं सासूकडं बघितलं. अंधारात दिसलं काहीच नाही, पण बघितलं. "नाही आई, बरोबर आहे तुमचं. काच आणि रेशीम. आठवीच्याच पुस्तकात आहे." आणि तेच पोरांना हिंदीत सांगितलं.

यात खोटं एक अक्षर नाही बघा. काचेला रेशीम घासलं की वीज होतेच. हा दुपट्टा रेशमाचा आहे असं कुणी म्हणालं का? कुणीच नाही.

ज़ेहराच्या अम्मीनं दुपट्ट्याचं टोक दोन बोटांत घेतलं, उजेडात धरावं तसं अंधारात धरलं आणि म्हणाली, "काम बहुत नफ़ीस है, मैम. ऐसा हाथ अब कहाँ मिलता है." हेही खरंच होतं. टाके हातचेच होते.

निगम मॅडमनी श्वास सोडला.

जाताना प्रत्येकीला वाण म्हणून लाडू आणि शेंगाचटणीची पुडी. सगळ्या गेल्या, निगम मॅडम मागं रेंगाळल्या. व्हरांड्यात, त्या ओल्या पायजम्याशेजारी उभं राहून संपदाला म्हणाल्या, "पॉलिएस्टर है. मुझे मालूम है. अमीनाबाद के बाज़ार से लिया था. प्योर वाला बिटिया की शादी में दे दिया, उसे पसंद था. फिर रोज़ लोग पूछते थे, वह कहाँ गया, तो..."

संपदा म्हणाली, "मैम, मैंने झूठ नहीं बोला."

"वही तो. झूठ बोलतीं तो मुझे बुरा लगता." मग त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे बघितले. "मेरे हाथ में जली, संपदा. मैंने खुद फ़िज़िक्स में एमएससी किया था, आपको पता है? तीस साल से टाइमटेबल बना रही हूँ." दुपट्टा खांद्यावरून काढला, चार घड्या घातल्या, आणि संपदाच्या हातात ठेवला. "इसे लैब में रखिए. शनिवार को काम आएगा. मैथ्स वालों को मैं देख लूँगी."

धुक्यात त्या दुपट्ट्याशिवाय निघाल्या तेव्हा सुहासिनीबाई आपली शाल घेऊन मागं धावल्या. शुद्ध लोकरीची. ती परत आली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही.

संध्याकाळी संपदा उतू गेलेल्या दुधाचं करपलेलं बोळकं घासत होती. सुहासिनीबाई म्हणाल्या, ठेव गं, मोलकरीण घासेल. संपदानं ठेवलं नाही. घासता घासता म्हणाली, "आई, आता दरवर्षी बायका ट्यूब घेऊन येणार. तुमच्या त्या रीतीचं काय करायचं?"

"येऊ देत की. रीत काय, तीन वर्षं चालली की जुनी होते."

संपदानं बोळकं पालथं घातलं, हात पदराला पुसले आणि सासूच्या शेजारी येऊन बसली. आभार वगैरे मानले नाहीत. सोलापूरकडं घरच्या माणसाचे आभार मानले तर ते रुसतात. तिनं नुसत्या त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलून सोलून दाणे त्यांच्याच वाटीत टाकत राहिली, वाटी भरेपर्यंत.

शाळा उघडली. फेब्रुवारीच्या टाइमटेबलमध्ये शनिवारचा शेवटचा तास जिथल्या तिथं होता. पहिल्याच शनिवारी संपदानं पोरांना लोकर, सुती, खरं रेशीम, पॉलिएस्टर, सगळे तुकडे दिले आणि ट्यूबा वाटल्या. कुठल्यानं किती उजेड पडतो ते तुम्हीच शोधा म्हणाली. आता असा शोध लावल्यावर कपाटातल्या त्या दुपट्ट्याचं गुपित किती टिकणार? तास संपायच्या आत अख्ख्या आठवीला कळलं होतं. दारातून निगम मॅडम डोकावल्या तेव्हा ज़ेहरानं दुपट्टा उंच धरला आणि अगदी निरागस तोंड करून म्हणाली, "मैम, सबसे अच्छा इसी से जलता है. प्योर है ना." मागं अख्खा वर्ग, एकाच्याही चेहऱ्यावर रेघ हलली नाही. लखनौची पोरं ती.

तर असं झालं. रिक्षावाला खरा, पुणेवाल्यांबद्दलचं खरं, ट्यूब पेटली ते तर शंभर वेळा खरं. कोरड्या हवेत घासून बघा आणि मग माझ्याशी बोला.

नावं बदललीत, ती कुणी खोट्यात धरत नाही; पण एक मात्र तेवढं माझ्या पदरचं. दुपट्टा अंगूरी नव्हता. कुठल्या रंगाचा होता ते सांगणार नाही. खरा रंग सांगितला तर मानक नगरपासून चौकापर्यंत लोक बरोबर ओळखतील, आणि त्या बाईनं माझ्या सुनेला तिचा शनिवार दिलाय. लाडवांचा पाक बिघडायचा तर बिघडू दे.